चोरटी अफू आणि दंडाचे माप : माळवा-दख्खनच्या वाटेवरील अपराधविभागाचा इतिहास

महिदपूरच्या रणांगणावर २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, आणि त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोर येथे तहावर शिक्के उमटले. या तहाच्या एका कलमाने सातपुड्याच्या आतील व दक्षिणेकडील होळकरांचा सर्व मुलूख कंपनी सरकारकडे गेला. सेंधव्याचा किल्ला गेला, खानदेशातील महाल गेले, आणि निजाम व पेशवे यांच्या मुलखात मिसळलेली जी तुटक ठाणी होती तीही गेली. या तुटक ठाण्यांची उदाहरणे देताना तहकर्त्यांनी दोन नावे मुद्दाम घातली आहेत : अंबड आणि वेरूळ. पुढे १२ डिसेंबर १८२२ च्या तहातील अदलाबदलीत वेरूळ निजामाकडे आले.

लेण्यांच्या अभ्यासकांना हा तपशील गौण वाटतो, आणि त्यांच्या दृष्टीने तो तसा आहेही. परंतु व्यापाराच्या आणि दंडनीतीच्या इतिहासात त्याचे मोल वेगळे आहे. दौलताबाद व खुलदाबाद यांच्या शेजारी, निजामी मुलखाने वेढलेले हे गाव होळकरांचे होते. अहिल्याबाईंनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला तो या संबंधातूनच. म्हणजे माळव्यातील एका दरबाराची सत्ता दख्खनच्या पठारावर बेटासारखी नांदत होती. वेरूळहून उत्तरेस कन्नडवरून घाट उतरला की खानदेश लागतो. खानदेश ओलांडून सेंधव्याची खिंड चढली की माळवा. १८१८ पूर्वी या वाटेवर दर काही कोसांनी धनी बदलत असे. १८२२ नंतर धनी दोनच उरले, घाटाखाली कंपनी आणि घाटावर निजाम. निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत व मालाच्या किमतीवर शेकडा ५ हा तिचा परिचित दर होता. सीमा बदलली की जकात बदलते आणि जकात बदलली की तोच माल एका बाजूस व्यापाराचा व दुसऱ्या बाजूस चोरीचा ठरतो. माळव्याच्या अफूइतके या गोष्टीचे स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

चोरट्या व्यापारात माणसे अनेक असतात. माल पिकवणारा, विकत घेणारा, पैसा पुरवणारा, वाहून नेणारा, रात्रीपुरता आसरा देणारा, नाक्यावर डोळेझाक करणारा, असे सर्वजण एकाच कृत्याचे भागीदार असतात. यांपैकी कोणाचा दोष किती, आणि शिक्षा वाटताना तो दोष कशाने मोजावयाचा, हा प्रश्न कायद्यापुढे जुन्या काळापासून आहे. मापे मात्र बदलत गेली आहेत.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. आज मराठीत ‘तस्करी’ हा शब्द चोरट्या आयात-निर्यातीसाठी रूढ आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘तस्कर’ म्हणजे केवळ चोर. त्या काळच्या मराठीला सीमेवरील चोरीसाठी निराळे नाम लागत नसे. ‘जकात चुकविणे’, ‘चोरटा माल’, ‘चोरवाटेने नेणे’ एवढ्यावर भागत असे. ‘तस्कर’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. निरुक्तकार यास्कांनी त्याची फोड ‘ते करणारा’ अशी केली आहे. ‘ते’ म्हणजे पाप. परंतु पापाचे नाव न घेता नुसत्या सर्वनामाने ते सुचवावयाचे, ही त्या फोडीतली खुबी. आधुनिक भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करीलच असे नाही. तथापि ‘माल’, ‘सामान’, ‘काम’ अशा निर्गुण शब्दांनी या धंद्यातील बोलणी चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे यास्कांचा कान किती तीक्ष्ण होता याची साक्ष पटते. यजुर्वेदातील रुद्राध्यायात तस्करांचा अधिपती म्हणून रुद्राला नमन केलेले आहे, आणि घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात रुद्राची आवर्तने होतात तेव्हा ते नमनही त्यात येतेच.

‘अफू’ या शब्दाचा प्रवास त्याच्या मालासारखाच दूरचा आहे. ग्रीक भाषेत झाडाच्या चिकाला जो शब्द होता त्यावरून ‘ओपिऑन’ झाले, अरबांनी त्याचे ‘अफ्यून’ केले, आणि फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे ‘आफीण’, ‘अफू’ या रूपांनी आले. संस्कृत वैद्यकग्रंथांतील ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हे त्याच परक्या शब्दावर चढवलेले संस्कृत अंगरखे होय. शब्दाला घरचा वेष दिला म्हणजे तो घरचाच वाटू लागतो.

आता दंडाकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मुद्रेवाचून आलेल्या मालावर देय रकमेच्या दुप्पट आणि खोट्या मुद्रेच्या मालावर शुल्काच्या आठपट दंड सांगितला आहे. येथे माप मालाचे आहे. माणूस कोण, हे विचारलेले नाही. परंतु त्याच ग्रंथात साहसाच्या, म्हणजे बळजबरीच्या गुन्ह्यांच्या, प्रकरणात माप बदलते. जबाबदारी आपल्याकडे घेऊन जो दुसऱ्याकडून साहस करवितो त्याला दुप्पट दंड. आणि लागेल तेवढे द्रव्य मी देईन असे सांगून जो करवितो त्याला चौपट. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हाच नियम जवळजवळ तसाच आला आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिली आणि दख्खनच्या न्यायव्यवहारात तिला पुढे कित्येक शतके प्रमाण मानले गेले. हात चालवणाऱ्याला एक पट, हुकूम देणाऱ्याला दोन पट, पैसा पुरवणाऱ्याला चार पट : भूमिकेनुसार शिक्षेची इतकी स्वच्छ श्रेणी नंतरच्या कायद्यांत शोधूनही मिळत नाही.

चोरीबाबत याज्ञवल्क्याने आणखी एक सूक्ष्म भेद केला आहे. चोराला अन्न, जागा, विस्तव, पाणी, सल्ला, साधन किंवा प्रवासखर्च देणाऱ्याला उत्तम दंड सांगितला आहे खरा. परंतु तेथे एक अट आहे. देणारा ‘जाणत’ असला पाहिजे. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूला कोणी भाकरी दिली आणि तो पुढे चोर निघाला, तर भाकरी देणारा अपराधी नव्हे. मनूनेही तस्करांचे उघड आणि गुप्त असे दोन वर्ग कल्पिले आहेत. त्यांपैकी उघड तस्करांत त्याने व्यापारात लबाडी करून जगणाऱ्यांना बसवले आहे. स्मृतिकारांच्या दंडव्यवस्थेत वर्णभेदाची जी विषमता आहे ती कोणीही नाकारू शकत नाही, आणि या ग्रंथांना आदर्श म्हणून पुढे करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न मापाचा आहे, आणि मापाच्या बाबतीत ते ग्रंथ चोख होते.

मोगल अमदानीत अफू हे मनाईचे द्रव्य नव्हते. औरंगजेबाने राज्यारोहणानंतर भांगेच्या लागवडीस मनाई करणारे फर्मान काढले. त्याची कबर वेरूळहून दोन कोसांच्या आत खुलदाबादेस आहे. फर्मानाने भांग नाहीशी झाली नाही, हे सांगणे नलगे. मराठेशाहीच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ या शब्दाचा अर्थ बहुधा अपराध नसून अपराधाबद्दल घेतलेली रक्कम असा असतो. खटला जिंकणाऱ्याने ‘हरकी’ द्यावयाची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’, ही पद्धत वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात विस्ताराने दाखवली आहे. अपराधाचे नाव आणि दंडाचे नाव एकच असणे ही भाषेची केवळ गंमत नव्हे. जेथे जकातचोरी ही राज्याच्या महसुलाची हानी समजली जाते तेथे हानी भरून निघाली म्हणजे प्रकरण मिटते. चोरट्या मालाच्या धन्याला तुरुंगात घालून राज्याचा काही लाभ नसतो.

कंपनीचे धोरण वरवर पाहता निराळे होते. पण त्याच्या मुळाशीही महसूलच होता. बंगालमध्ये अफूची मक्तेदारी १७७३ पासून कंपनीच्या हाती होती. तेथील अफू कलकत्त्यात लिलावाने विकली जाई आणि खाजगी व्यापारी ती चीनमध्ये चोरून उतरवीत. चीनमध्ये तो माल निषिद्ध, कलकत्त्यात तो सरकारी! माळव्यात मात्र कंपनीची सत्ता नव्हती. तेथील शेतकरी पोस्त पिकवीत, बोंडांना चिरे पाडून चीक गोळा करीत, इंदूर-उज्जैनचे सावकार तो विकत घेत, आणि पश्चिम किनाऱ्यावरून माल चीनकडे जाई. ही स्पर्धा मोडण्यासाठी १८०३ मध्ये वेलस्लीने मुंबई सरकारला माळव्याची अफू थांबवण्यास सांगितले व त्यानंतर मुंबई बंदरातून तिच्या निर्यातीस मनाई झाली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. माल पोर्तुगीजांच्या दमण बंदराकडे वळला. मूळचे गोव्याकडील व मुंबईत स्थायिक झालेले रॉजेरियो द फारिया यांच्यासारखे व्यापारी दमण-मकाव मार्गावर श्रीमंत झाले.

माळव्याचे राजकारण १८१८ नंतर कंपनीच्या हाती आले तेव्हा दोन उपाय योजण्यात आले. प्रथम कंपनीने स्वतःच माळव्यात अफू विकत घेण्यास आरंभ केला. त्याने भाव चढले आणि लागवड वाढली. मग १८२४ ते १८२६ या वर्षांत माळवा-राजपुतान्यातील संस्थानिकांशी करार करून वाहतूक बंद पाडण्याचा घाट घालण्यात आला. होळकरांनी करार मान्य केला. शिंद्यांनी केला नाही. एका दरबाराच्या हद्दीत जप्त होणारा माल दुसऱ्या दरबाराच्या हद्दीतून सुरळीत जात असेल तर पहाऱ्याचा उपयोग काय? काफिले सशस्त्र रखवालीत निघू लागले. पाली, जैसलमीर, कराची असा वाळवंटातील लांब वळसा घेऊन माल समुद्रावर येई व तेथून दमणला पोहोचे. सर जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. माळवा त्यांना जवळून परिचित होता आणि या निर्बंधांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने माघार घेतली. मनाई उठली आणि तिच्या जागी परवाना आला : पेटीमागे १७५ रुपये भरावे आणि माल उजळ माथ्याने मुंबईस न्यावा. कराचीच्या वाटेशी स्पर्धा करता यावी म्हणून १८३५ मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणावा लागला. नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला, ती वाट बंद झाली, आणि त्याच वर्षी दर २०० झाला. १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००, १८६१ मध्ये ७००. चोरवाट किती खुली आहे यावर कायदेशीर वाटेची जकात ठरत होती. हे आकडे एका ओळीत वाचले म्हणजे नीतीची चर्चा अनावश्यक होते.

जी पेटी १८२९ मध्ये पकडली गेली असती तर जप्त झाली असती, तीच पेटी १८३१ मध्ये सरकारी परवान्याच्या रखवालीत मुंबईच्या गोदीत उतरू शकत होती. तिच्यातील द्रव्यात कणभरही फरक पडला नव्हता. या व्यापारात संपत्ती मिळवलेल्यांत जमशेटजी जीजीभाई यांचे नाव अग्रभागी आहे. १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १८५७ मध्ये बॅरोनेटपद. त्यांची दानशीलता मुंबईस सुपरिचित आहे व तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र या दोन तारखांच्या मध्ये व अगोदर, चीनच्या किनाऱ्यावर, तोच माल उतरवताना पकडल्या गेलेल्या कोळ्या-नावाड्यांच्या वाट्यास काय आले हेही त्याच हिशेबाच्या वहीत मांडावे लागते. लिन त्सेशू या चिनी आयुक्ताने १८३९ मध्ये कँटनजवळ २०,००० हून अधिक पेट्या नष्ट केल्या. मालाच्या धन्यांनी भरपाई मागितली. त्यासाठी युद्ध झाले, आणि भरपाईची रक्कम १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनकडून वसूल झाली.

माळव्यातील वाहतुकीची एक प्रथा येथे नोंदण्यासारखी आहे. तिला हुंडाभाडे म्हणत. व्यापारी माल एका कंत्राटदाराच्या स्वाधीन करी आणि एक ठोक रक्कम देई. त्या रकमेत भाडे आले, वाटेतील जकाती आल्या, आणि माल बुडाल्यास भरपाईची हमीही आली. माल सुरक्षित पोहोचवण्याची चिंता त्यानंतर कंत्राटदाराची. सरळ व्यापारात ही व्यवस्था सोयीची आहे. पण अपराधाच्या दृष्टीने पाहता तिचा परिणाम मोठा आहे. ठोक रकमेतून जितकी जकात चुकेल तितका कंत्राटदाराचा नफा. म्हणजे चोरी करण्याचा मोह वाहणाऱ्याकडे सरकला, आणि धनी आपल्या पेढीवर गादी-तक्क्याला टेकून निर्दोष राहिला. नाक्यावर सापडणार तो बैल आणि बैलवाला. कौटिल्य ज्याला चौपट दंड सांगतो तो मनुष्य कागदावर कोठेच दिसत नाही.

ब्रिटिश दंडकायद्याने हा अदृश्य मनुष्य दृश्य करण्याचा यत्न केला. भारतीय दंड संहितेत (१८६०; अंमल १ जानेवारी १८६२ पासून २०२४ पर्यंत) अपप्रेरणेचे स्वतंत्र प्रकरण होते. चिथावणी देणारा, कटात सामील होणारा व जाणूनबुजून साहाय्य करणारा हे तिन्ही तेथे अपप्रेरक ठरत. १९१३ मध्ये फौजदारी कटाचे स्वतंत्र कलम आले. तथापि ही सर्व कलमे भूमिका ओळखत, भूमिकेनुसार शिक्षा वाढवीत नसत. अपराध घडला तर अपप्रेरकालाही मूळ अपराधाचीच शिक्षा, हा त्यांचा सामान्य नियम. दुप्पट-चौपट ही श्रेणी तेथे एकपटीवर येऊन थांबली.

अफूपुरता प्रत्यक्ष कायदा १८७८ चा. त्याच्या नवव्या कलमात लागवड, निर्मिती, ताबा, वाहतूक, आयात, निर्यात, विक्री अशी कृत्यांची माळ आहे आणि सर्वांस एकच शिक्षा : एक वर्षापर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजच्या मानाने ही शिक्षा सौम्य वाटेल. परंतु दहाव्या कलमात एक काटा होता. ज्या अफूचा समाधानकारक हिशेब आरोपीला देता येणार नाही ती अपराधाचीच आहे, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावयाचे. याज्ञवल्क्याच्या ‘जाणत’ या शब्दाची जागा या गृहीतकाने घेतली. सिद्ध करण्याचा भार उलटला. अकराव्या कलमाने मालाबरोबर वाहने आणि जनावरेही जप्तीस पात्र केली. एक हजार रुपये दंड सावकारास जड नव्हता. बैलजोडी गेली म्हणजे भाडेकऱ्याचे मात्र सर्वस्व गेले. सर्वांना समान असलेल्या कलमाचा भार सर्वांवर समान पडत नव्हता, तो असा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर याच्याही पलीकडे जाऊन, कृत्य न पाहता जन्मावरूनच माणसे गुन्हेगार ठरवली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. तांड्यांवर मीठ-धान्य वाहणाऱ्यांची संशयित म्हणून झालेली परवड हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे.

गांजाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मुंबई इलाख्यात अहमदनगर, खानदेश व सातारा या बाजूंस त्याची लागवड होत असे. १८९३-९४ च्या गांजाविषयक आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या व मर्यादित सेवनापासून लक्षणीय अपाय होत नाही, सबब सरसकट बंदी नको, नियंत्रण व कर पुरेत, असा निष्कर्ष काढला. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील अफू आयोगाने १८९५ मध्ये साधारण त्याच सुरात अहवाल दिला. तो विवाद्य ठरला. १९०७ मध्ये चीनशी झालेल्या सामंजस्यानंतर निर्यात क्रमशः घटली आणि १९१३ मध्ये ती थांबली. जिनिव्हा येथील १९२५ च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर वैद्यकीय कारणाखेरीज अफूचे सेवन १९५९ पर्यंत बंद करण्याचा निर्णय झाला. या सर्व काळात शिक्षा कमाल तीन वर्षे आणि पुन्हा अपराध केल्यास चार, यापलीकडे गेली नाही.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी हे चित्र एकदम पालटले. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम त्या दिवशी अंमलात आला व पुष्कळ अपराधांस किमान दहा वर्षे सक्तमजुरी लागू झाली. किमान शिक्षेमुळे सेवन करणारा व व्यापार करणारा हे एकाच तराजूत येऊ लागले. म्हणून २००१ च्या सुधारणेने मालाच्या वजनावर श्रेणी बसवली. अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण, आणि त्या दोहोंमधले प्रमाण अशी ती त्रिपदी आहे. गांजाचे अल्प प्रमाण १ किलो, व्यापारी २० किलो. अफूचे २५ ग्रॅम आणि अडीच किलो. हेरॉइनचे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणास दहा ते वीस वर्षे कैद आणि एक ते दोन लाख रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० च्या निर्णयात असे ठरवले की मिश्रणातील शुद्ध द्रव्याचे वजन न पाहता मिश्रणाचे संपूर्ण वजन धरावे.

ही सुधारणा सेवकाला दिलासा देणारी होती, यात शंका नाही. परंतु दंडाच्या इतिहासाच्या दृष्टीने ती एक परागती होय. शुल्काध्यक्षाचे माप, म्हणजे मालाचे माप, पुन्हा सिंहासनावर बसले. ट्रकच्या टपाखाली तीस किलो गांजा सापडला की चालक, मालक, पाठवणारा व स्वीकारणारा या सर्वांसाठी दंडाचा तळ एकच : दहा वर्षे. कट सिद्ध झाला की एकोणतिसाव्या कलमाने प्रत्येकास मूळ अपराधाची शिक्षा. किमान मर्यादेच्या वर जाण्यासाठी न्यायालयाने काय पाहावे याची यादी ३२-ब कलमात दिली आहे. हिंसेचा वापर, सार्वजनिक पदाचा दुरुपयोग, अज्ञानांचा सहभाग, संघटित टोळीशी संबंध इत्यादी गोष्टी तीत आहेत. मर्यादेच्या खाली जाण्यासाठी मात्र कोणताही जिना नाही. १८७८ च्या दहाव्या कलमातील गृहीतक चोपन्नाव्या कलमात उतरले आहे, आणि पस्तिसाव्या कलमाने आरोपीची मनोभूमिकाही अपराधीच मानावयाची आहे. ती तशी नव्हती हे आरोपीने, तेही वाजवी शंकेपलीकडे, सिद्ध करावयाचे आहे.

यातील ताण ६ एप्रिल २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात स्पष्ट दिसतो. पंजाबमधील या प्रकरणात एका माणसाकडे १ किलो हेरॉइन सापडले होते व त्यास पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. तो गरीब आहे, केवळ वाहक आहे, घरात मिळवता एकटाच आहे, ही कारणे पुढे करून शिक्षा दहा वर्षांवर आणावी अशी विनंती होती. न्यायालयाने ती अमान्य केली. माल व्यापारी प्रमाणाच्या चौपट होता, आणि अंमली द्रव्यांनी समाजाची होणारी हानी पाहता वाहकाचे दारिद्र्य हे शिक्षा घटवण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. या युक्तिवादात बळ आहे. हेरॉइनने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते पटेलही. तरीही ‘चौपट’ हा शब्द येथे काय मोजतो इकडे लक्ष द्यावे. कौटिल्याची चौपट धनकोच्या भूमिकेची होती. ही चौपट वजनाची आहे, आणि ती वाहकाच्या माथी आहे.

धनकोसाठी कायद्यात कलम नाही असे नव्हे. १९८८ च्या सुधारणेने २७-अ हे कलम घातले गेले आणि ते १९८९ पासून लागू झाले. अवैध व्यापारास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वित्तपुरवठा करणारा, तसेच त्यात गुंतलेल्यास आश्रय देणारा, यांना दहा ते वीस वर्षे कैद. मालाच्या वजनाची अट येथे नाही. म्हणजे भूमिकेचे माप परत आले खरे. पण पैसा देणारा आणि आसरा देणारा एकाच ओळीत बसले, आणि व्यापारी प्रमाण वाहणाऱ्याच्या शिक्षेहून त्यांची शिक्षा एका दिवसानेही अधिक झाली नाही. ‘वित्तपुरवठा’ या शब्दाचा विस्तार कोठवर न्यावयाचा हाही प्रश्न होताच. मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी एका जामीनअर्जावर निर्णय देताना, दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे खर्च करणे म्हणजे अवैध व्यापारास वित्तपुरवठा नव्हे, असा अर्थ लावला व ‘आश्रय’ या शब्दालाही मर्यादा घातली. विज्ञानेश्वराने ‘प्रवासखर्च’ या शब्दाचा अर्थ चोरीस जाण्यासाठी दिलेला खर्च असा बेताने बांधला होता. नऊशे वर्षांनी टीकाकाराचे तेच काम न्यायमूर्तींस करावे लागले.

याच २७-अ कलमाच्या बाबतीत घडलेला एक प्रकार भाषेच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. कलमात ‘अवैध व्यापार’ ही संज्ञा तिच्या व्याख्येच्या खंडक्रमांकाने निर्दिष्ट केली होती. २०१४ च्या सुधारणेत व्याख्याकलमात एक नवा खंड घातला गेला, जुन्या खंडाचे अक्षर एकाने पुढे सरकले, परंतु २७-अ मधील निर्देश तसाच राहिला. अक्षरशः वाचले असता १ मे २०१४ पासून धनकोचे कलम भलत्याच व्याख्येकडे बोट दाखवीत उभे होते. त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे हा मुद्दा २०२१ मध्ये आला आणि त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून ती २०१४ पासून पूर्वलक्षी केली. दंडविधान पूर्वलक्षी असू नये असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) चे बंधन आहे. ही केवळ लेखनातील चूक दुरुस्त केली आहे, नवा अपराध निर्माण केलेला नाही, अशी शासनाची भूमिका होती. वाहकाच्या कलमांत असा घोटाळा सात वर्षे टिकला असता की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शब्दाच्या अर्थावर प्राण अवलंबून असल्याचे उदाहरणही मुंबईचेच आहे. अधिनियमाच्या ३१-अ कलमाने ठराविक प्रमाणाहून अधिक मालाच्या बाबतीत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास मृत्युदंड अनिवार्य केला होता. चरसच्या वाहतुकीत दुसऱ्यांदा सापडलेल्या एका आरोपीस मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये ही शिक्षा दिली. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनिवार्य मृत्युदंड हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत ठरवला. मात्र कलम रद्द न करता न्यायालयाने त्यातील आज्ञार्थक क्रियापद विकल्पार्थी वाचले. मराठीत सांगावयाचे तर ‘करण्यात येईल’ याच्या जागी ‘करता येईल’. या दोन क्रियारूपांमधील अंतरात न्यायाधीशाला आरोपीची भूमिका, वय, परिस्थिती पाहण्याची मुभा परत मिळाली. २०१४ मध्ये संसदेनेही कलम त्याच दिशेने बदलले. तसेच अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२० रोजी तमिळनाडूतील एका प्रकरणात दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सोडवला. असा जबाब पुरावा म्हणून चालणार नाही. सहआरोपीच्या जबाबावर उभ्या असलेल्या कटाच्या खटल्यांना त्याचा मोठा धक्का बसला. धनकोपर्यंत पोहोचण्याची जी एक वाट तपासयंत्रणेला सुलभ होती तीच यामुळे अरुंद झाली, ही या इष्ट निर्णयाची अनिष्ट बाजू म्हणावी लागेल.

ज्या मंदसोरात वेरूळचा धनी बदलला ते मंदसोर आज परवानाधारक अफू लागवडीचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. शेजारच्या नीमचला सरकारी कारखाना आहे. शेतकऱ्याने चीक सरकारला मोजून द्यावयाचा. त्यातील काही दडवून विकल्यास एकोणिसाव्या कलमाने त्यालाही दहा ते वीस वर्षे. चीक काढल्यावर उरलेल्या बोंडांचा चुरा ५० किलोंस व्यापारी प्रमाण ठरतो. इकडे दख्खनच्या बाजूस मालाचे स्वरूप बदलले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर शहर व पैठणची औद्योगिक वसाहत येथे घातलेल्या छाप्यांत शेतात न पिकणारी, रसायनांपासून बनणारी मेफेड्रोनसारखी द्रव्ये सापडली. मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण अवघे ५० ग्रॅम आहे. खिशात मावणाऱ्या या मालाला बैल लागत नाही, हुंडाभाडेही लागत नाही. सोलापूर-धुळे महामार्ग मात्र अजून वेरूळवरूनच कन्नडच्या घाटाकडे जातो, आणि तेथे गाडी अडवली गेली की पंचनाम्यात प्रथम नाव येते ते चालकाचे.